बावीस हजार : फ्रान्स टेलिकॉमचे प्रकरण

२००६च्या सुरुवातीला फ्रान्स टेलिकॉम या कंपनीने गुंतवणूकदारांसमोर एक आकडा ठेवला. तीन वर्षांत २२ हजार माणसे कमी होतील. शिवाय १० हजार जणांची जागा किंवा काम बदलेल आणि ६ हजार नवे लोक घेतले जातील. कंपनीत तेव्हा सुमारे १ लाख २० हजार कर्मचारी होते, म्हणजे दर पाच-सहा जणांमागे एकाला जावे लागणार होते. मोठ्या कंपन्या असे आकडे जाहीर करतच असतात. इथे घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. या कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक सरकारी सेवक होते आणि त्यांना नोकरीवरून काढून टाकणे कंपनीच्या हातात नव्हते.

माणसे काढता येत नाहीत, पण ती गेली पाहिजेत. या पेचातून कंपनीने जो मार्ग काढला, त्याचा शेवटचा निकाल लागायला २०२५चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात माणसे आजारी पडली, खचली, काहींनी जीव दिला.

कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते समुपदेशकाचा नंबर, योगाचा वर्ग आणि लिफ्टशेजारचे पोस्टर यांच्यापाशी येऊन थांबते. या गोष्टी असाव्यात, एखाद्याला त्यांचा आधार होत असेल तर अवश्य असाव्यात. पण फ्रान्स टेलिकॉमचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो ते या कारणासाठी की, तिथे दुखण्याचे मूळ कामाच्या आखणीत होते, आणि ती आखणी बदलेपर्यंत धीर देणारे कक्ष उघडूनही फारसे काही साधले नाही.

खात्यातली नोकरी

आपल्याकडे एके काळी 'टेलिफोन खात्यात आहे' असे सांगताना माणसाचा आवाज जसा बदलायचा, तसेच फ्रान्समध्ये होते. टपाल, तार आणि दूरध्वनी यांचे मिळून एकच सरकारी खाते होते. परीक्षा देऊन त्यात शिरायचे, खांबावर चढायचे, केबल जोडायच्या, एक्स्चेंज सांभाळायचे आणि तिथूनच निवृत्त व्हायचे. गावोगाव फोन पोहोचवणे ही देशसेवा आहे, असे मानणारी ही पिढी. कामाचा अभिमान हाच तिच्या मानसिक आरोग्याचा पाया होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

१९८८ मध्ये या दूरध्वनी विभागाला फ्रान्स टेलिकॉम हे नाव मिळाले. १९९१ पासून तो खात्यापासून वेगळा झाला. १९९६च्या कायद्याने त्याची भागभांडवली कंपनी झाली आणि पुढच्या वर्षी तिचे शेअर बाजारात आले. मात्र आधीपासून कामावर असलेल्यांचा सरकारी सेवकाचा दर्जा त्याच कायद्याने कायम ठेवला. २००४ मध्ये सरकारचा वाटा निम्म्याच्या खाली गेला. आता मालक बाजार आणि नोकर सरकारी, अशी विचित्र रचना उभी राहिली.

त्यातच २००० साली कंपनीने ऑरेंज ही ब्रिटिश मोबाइल कंपनी प्रचंड किमतीला विकत घेतली. (मुंबईकरांना ऑरेंज हे नाव आठवत असेल. आपल्याकडे ते परवान्याने दुसऱ्याच कंपनीने वापरले होते.) तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचा फुगा लगेच फुटला आणि २००२ पर्यंत फ्रान्स टेलिकॉमच्या डोक्यावर जवळपास ७० अब्ज युरोंचे कर्ज झाले. खरेदीचे निर्णय वर झाले होते, त्यांची भरपाई खालच्या माणसांच्या संख्येतून करायची होती. वड्याचे तेल वांग्यावर निघाले ते असे.

एक तपशील महत्त्वाचा आहे. १९९६ पासून ५५ वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना सन्मानाने लवकर निवृत्त होता यावे, अशी योजना होती. तिच्यातून हजारो लोक बिनबोभाट बाहेर पडले, बहुतेकांनी ते स्वखुशीने केले. ही योजना २००६च्या अखेरीला संपली. म्हणजे बाहेर जायचा रुंद रस्ता बंद होत होता, नेमकी तेव्हाच बाहेर जाणाऱ्यांची संख्या वाढवायची होती. मला विचाराल तर या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

आकडा खाली कसा उतरला

२० ऑक्टोबर २००६ रोजी पॅरिसमधल्या 'मेझों द ला शिमी' या सभागृहात कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जमले होते. अध्यक्ष दिदिए लोंबार बोलायला उभे राहिले. पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची भूमिका आता आपण सोडली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. पुढचे वाक्य नंतर फ्रान्सभर गाजले. २००७ मध्ये मी या लोकांचे जाणे घडवून आणीन, या ना त्या मार्गाने, खिडकीतून किंवा दारातून, अशा अर्थाचे ते वाक्य होते.

वाक्य क्रूर आहे, पण नुसत्या वाक्याने माणसे आजारी पडत नाहीत. ते सभागृहातून एखाद्या गावातल्या सात जणांच्या कचेरीपर्यंत कसे पोहोचले, हे पाहायला हवे.

२२ हजार हा आकडा विभागांत वाटला गेला, विभागातून जिल्ह्यात आणि तिथून युनिटमध्ये. प्रत्येक व्यवस्थापकाच्या वाट्याला 'इतकी माणसे कमी' असे टार्गेट आले आणि त्याच्या इन्सेन्टिव्हचा काही भाग त्या टार्गेटला जोडला गेला. ही गाठ बसली आणि सगळे बदलले. आता हाताखालचा माणूस टिकला तर साहेबाचे नुकसान आणि तो गेला तर साहेबाचा फायदा. अशा साहेबाने त्याच माणसाची काळजीही घ्यावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मग साधने आली. एकामागून एक पुनर्रचना झाल्या, इतक्या की एखादे युनिट स्थिरस्थावर होण्याआधीच मोडले जाई. दूरच्या गावी बदल्या झाल्या. वीस-पंचवीस वर्षे खांबावर आणि केबलवर काम केलेल्या तंत्रज्ञाला हेडफोन लावून कॉल सेंटरमध्ये बसवले गेले. समोरच्या स्क्रीनवरची ठरलेली वाक्ये वाचायची, किती मिनिटांत कॉल संपवला याची नोंद होणार, आणि प्रशिक्षण जेमतेम. कुणाचे पदच गायब झाले, माणूस राहिला आणि टेबल राहिले, काम मात्र कोणी देईना. अति काम जितके माणसाला पोखरते तितकेच हे रिकामे बसवणेही पोखरते. आपल्याकडे त्याला 'साइडला टाकणे' म्हणतात. ते भोगलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. सोबतीला बाहेरच्या नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या ईमेल होत्या, आणि 'तुमचे पुढे काय ठरले?' असे वारंवार विचारणाऱ्या मुलाखतीही. व्यवस्थापकांसाठी तर दर तीन वर्षांनी जागा बदलण्याचा नियमच होता. 'टाइम टू मूव्ह' ही घोषणा त्याच काळातली.

सुमारे ४ हजार व्यवस्थापकांना या सगळ्यासाठी प्रशिक्षण दिले गेले. त्या वर्गांत एक आलेख शिकवत. मरणासन्न रुग्णांबरोबर काम केलेल्या एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी आपला मृत्यू जवळ आल्याचे कळल्यावर माणूस कोणकोणत्या अवस्थांतून जातो ते मांडले होते. नकार, संताप, खिन्नता, शेवटी स्वीकार. त्याच धर्तीचा आलेख नोकरीतल्या बदलाला लावला गेला आणि खचण्याची पायरी त्यावर रीतसर दाखवली होती.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. समोरचा माणूस खचला आहे हे साहेबाला दिसत नव्हते, असे नाही. दिसत होते, पण त्याला शिकवले गेले होते की ही पायरी येणारच, ती ओलांडली की माणूस तयार होईल. जे लक्षण पाहून थांबायचे, तेच काम नीट चालल्याची खूण ठरले. मानसिक आरोग्याची परिभाषा माणसाच्या विरोधात कशी वापरता येते, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आणि आकडा? तो गाठला गेला. २००८ संपेपर्यंत २२ हजारांहून अधिक लोक कंपनीतून गेले होते.

कोणी पाहिले, कोणी सांगितले

कोणालाच कळले नाही, असे अजिबात झाले नाही. २००७ मध्ये दोन युनियन एकत्र आल्या आणि त्यांनी कंपनीतल्या ताणाची व सक्तीच्या बदल्यांची नोंद ठेवणारी 'वेधशाळा' उभी केली. सुद ही डावी, आक्रमक संघटना आणि सीएफई-सीजीसी ही अधिकारीवर्गाची. एरवी एका बाकावर न बसणाऱ्या या दोघी एकत्र येतात, यावरूनच पाणी किती वर चढले होते ते दिसते. त्यांनी प्रश्नावल्या काढल्या, मृत्यूंची नोंद ठेवायला सुरुवात केली, वृत्तपत्रांना माहिती दिली. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी इशारे लिहून दिले. काहींनी राजीनामे दिले.

कंपनीनेही हातपाय हलवले. त्रास होणाऱ्यांचे ऐकून घेणारे कक्ष उघडले गेले. तिथे जाऊन कर्मचाऱ्याने बोलायचे आणि मग पुन्हा त्याच टेबलाशी, त्याच टार्गेटखाली, त्याच साहेबासमोर जाऊन बसायचे. कक्षातल्या माणसाच्या हातात ना बदली थांबवण्याचा अधिकार होता, ना काम कमी करण्याचा. ऐकणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक असेलही. पण नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचे काम त्यांना दिले होते.

२००९चा उन्हाळा आला. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, मार्से इथल्या एका अनुभवी तंत्रज्ञाने जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने लिहिले होते की कंपनीतले काम हेच एकमेव कारण आहे. दहशतीने चालवलेल्या व्यवस्थापनाचाही त्याने उल्लेख केला होता. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते, हे खरे. पण मरणारा माणूस आपल्या कामाचे नाव लिहून ठेवतो, तेव्हा त्या नावाची चौकशी करणे हे जिवंत राहिलेल्यांचे कर्तव्य असते. सप्टेंबरमध्ये त्र्वा इथे एका कर्मचाऱ्याने भर बैठकीत स्वतःला गंभीर इजा करून घेतली. पद रद्द होत असल्याचे त्याला नुकतेच कळले होते. तो वाचला. दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये एका तरुण कर्मचारी स्त्रीने कचेरीतच प्राण सोडला. त्यानंतर काही दिवसांतच पत्रकारांशी बोलताना लोंबार यांनी आत्महत्यांच्या या 'फॅशन'ला आळा घालायला हवा, असे उद्गार काढले. देशभर संताप उसळला आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

सरासरीचा वाद

या टप्प्यावर एक प्रश्न पुढे आला आणि तो प्रामाणिकपणे घ्यायला हवा. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत कंपनीतल्या ३५ आत्महत्यांची नोंद झाली. लाखभर माणसांच्या संस्थेत दोन वर्षांत ३५ म्हणजे, त्या वयाच्या फ्रेंच लोकसंख्येतल्या सरासरीहून जास्त नाही, असे एका संख्याशास्त्रज्ञाने जाहीरपणे मांडले. त्याचे गणित मोडीत काढता येत नाही. मग हे सगळे वृत्तपत्रांनी उभे केलेले वादळ होते का?

माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला होता. मृत्यूंची सरासरी हे कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य मोजण्याचे माप नव्हे. जीव देणाऱ्या एका माणसामागे औषधे सुरू झालेले, रजेवर गेलेले, घरी चिडणारे, रात्र-रात्र जागणारे कितीतरी असतात. शिवाय नोकरीत असणाऱ्यांची तुलना बेकार, एकाकी, दीर्घ आजारी अशा सगळ्यांसह काढलेल्या सरासरीशी करणेच मुळात तिरपे आहे. महत्त्वाचे म्हणजे कंपनीने काय केले, या प्रश्नाचे उत्तर किती जण मेले या आकड्यात सापडत नाही. पुढे न्यायालयानेही हीच वाट धरली. कंपनीतल्या आत्महत्येचे प्रमाण सरासरीहून जास्त होते, असे त्याने सिद्ध करायला सांगितलेच नाही.

काय बदलले

२००९च्या शरद ऋतूत सक्तीच्या बदल्या थांबवल्या गेल्या. तीन वर्षांनी जागा बदलण्याचा नियम स्थगित झाला. लोंबार यांचे उजवे हात लुई-पिएर वेनेस पायउतार झाले आणि त्यांच्या जागी स्तेफान रिशार आले. १ मार्च २०१० पासून रिशार यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली.

बाहेरच्या एका सल्लागार संस्थेने त्याच सुमारास सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. जवळजवळ ८० हजार लोकांनी ती भरून दिली. या संख्येकडे थोडे थांबून पाहावे. एचआरची प्रश्नावली म्हटली की आपल्याकडे चौथी आठवण येईपर्यंत कोणी उघडत नाही. इथे लोक उत्तर द्यायला वाटच पाहत होते. लोक बोलत नाहीत, ही व्यवस्थापनांची नेहमीची तक्रार असते. या ८० हजारांनी दाखवले की उत्तराचा काही उपयोग होईल असे वाटले, तर लोक भरभरून बोलतात.

पुढच्या दोनएक वर्षांत युनियनबरोबर करार झाले, कामाची आखणी, बदल्या, घर आणि नोकरी यांचा मेळ अशा विषयांवर. निवृत्तीला आलेल्यांसाठी अर्धवेळ कामाची सोय झाली, म्हणजे बाहेर जाण्याचा तो रुंद रस्ता वेगळ्या रूपात पुन्हा उघडला. नवी भरती सुरू झाली. वरिष्ठांच्या इन्सेन्टिव्हचा एक भाग कर्मचाऱ्यांच्या कामाच्या परिस्थितीला जोडला गेला. ज्या दोरीने साहेबाला माणूस घालवण्याकडे ओढले होते, ती दोरी आता उलट दिशेला बांधली. ताण रोखण्यासाठी युनियनचे प्रतिनिधी असलेली राष्ट्रीय समिती बसली आणि दर तीन वर्षांनी कर्मचाऱ्यांची पाहणी करायचे ठरले. मार्से इथल्या मृत्यूला २०१० मध्ये कामावरचा अपघात म्हणून मान्यता मिळाली. घरच्यांसाठी या मान्यतेचे मोल पैशापलीकडचे असते. आपला माणूस कमकुवत नव्हता, असे त्या कागदावर लिहिलेले असते.

या यादीत समुपदेशन जवळजवळ कुठेच नाही, हे लक्षात आले असेल. बदली, टार्गेट, पगाराची रचना, भरती, निवृत्ती, करार. एरवी ज्यांना आपण मानसिक आरोग्याच्या खात्यात धरतच नाही, त्या या गोष्टी. माझे म्हणणे असे नाही की मानसोपचाराची गरज नव्हती. ज्यांचे मन आधीच मोडले होते त्यांना डॉक्टर, औषध आणि रजा हे सगळे हवेच होते. पण नवे कोणी आजारी पडू नये यासाठी जे करावे लागले, ते कामाच्या आखणीच्या टेबलावरच करावे लागले.

सगळे सुरळीत झाले, असेही नाही. एप्रिल २०११ मध्ये बोर्दोजवळ एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने कंपनीच्याच आवारात जीव दिला. त्याच्या वारंवार बदल्या झाल्या होत्या आणि त्याने वरिष्ठांना पत्रेही लिहिली होती. मोडलेला विश्वास नव्या अध्यक्षाच्या सहीने एका दिवसात परत येत नाही. जुन्या आखणीने झालेल्या जखमा नवी आखणी आल्यावरही बराच काळ वाहत राहतात.

आरोपीच्या पिंजऱ्यात धोरण

सुद या संघटनेने डिसेंबर २००९ मध्येच फौजदारी तक्रार केली होती. कामगार निरीक्षकाचा अहवालही फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारी वकिलांकडे गेला. प्रत्यक्ष खटला उभा राहिला तो मे २०१९ मध्ये पॅरिसला. तोवर कंपनीचे नावही बदलून ऑरेंज झाले होते. तपासात ३९ जणांची प्रकरणे तपशिलाने अभ्यासली गेली. १९ जणांनी जीव दिला होता, १२ जणांनी प्रयत्न केला होता आणि ८ जण नैराश्याने किंवा त्यामुळे घ्याव्या लागलेल्या रजेने ग्रासले होते.

फ्रान्समध्ये २००२ पासून कामाच्या ठिकाणच्या मानसिक छळाविरुद्ध फौजदारी कलम आहे. कामाची परिस्थिती बिघडवणारी, माणसाच्या प्रतिष्ठेला, आरोग्याला किंवा पुढच्या कारकिर्दीला धक्का लावू शकणारी वारंवार केलेली कृत्ये हा त्यात गुन्हा ठरतो. तोवर हे कलम एका साहेबाने एका कर्मचाऱ्याला छळले, अशा प्रकरणांत वापरले जाई. लोंबार यांचा बचावही त्यावरच होता. यातल्या कित्येक जणांना मी कधी भेटलोही नाही, मग मी त्यांना कसे छळले? बिनतोड वाटावा असाच हा मुद्दा होता.

२० डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. लोक कमी करायचे ठरवण्याचा अधिकार कंपनीला होता, पण ते साधण्यासाठी निवडलेली साधने निषिद्ध होती, असे न्यायालयाने म्हटले. माणसांना सतत अस्थिर ठेवून जायला भाग पाडणारे धोरण वरून आखले गेले होते आणि खालच्या प्रत्येक थराने ते पुढे ढकलले होते. दोषी धरलेला काळ २००७ आणि २००८ हा होता, त्यानंतरच्या काळाबद्दल आरोपींना दोषमुक्त केले गेले. लोंबार, वेनेस आणि एचआरचे तत्कालीन प्रमुख ओलिव्हिए बार्बेरो यांना प्रत्येकी एक वर्षाची कैद झाली. त्यातले आठ महिने स्थगित होते, शिवाय १५ हजार युरो दंड. कंपनीला ७५ हजार युरोंचा दंड झाला. कायद्यात त्याहून जास्त दंडाची तरतूदच नव्हती. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला हा दंड काहीच नाही, ही चीड मलाही येते. पीडितांना मिळालेली भरपाई मात्र वेगळी होती आणि ती ३० लाख युरोंहून अधिक होती.

कंपनीने अपील केले नाही. लोंबार आणि वेनेस यांनी केले. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दोष कायम ठेवून त्यांची कैद पूर्णपणे स्थगित केली. शेवटी २१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले आणि 'संस्थात्मक छळ' ही कल्पना कायद्यात पक्की झाली. विशिष्ट माणसाला लक्ष्य केले होते हे दाखवण्याची गरज नाही. धोरणच छळ करणारे असेल तर ते आखणारे दोषी ठरतात.

इकडे

२००६च्याच नोव्हेंबरमध्ये लखनौला एका मोठ्या कंपनीच्या, वीसहून अधिक वर्षे नोकरी झालेल्या विक्री कर्मचाऱ्याने जीव दिला. त्याआधीच्या बैठकीत वरिष्ठांनी व्हीआरएससाठी दबाव आणून जुन्या कर्मचाऱ्यांचा अपमान केला, असा त्याच्या घरच्यांचा आणि सहकाऱ्यांचा आरोप होता. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वरिष्ठांवरचा तो खटला रद्द केला. या माणसाने जीव द्यावा असा त्यांचा हेतू होता आणि त्यासाठी त्यांनी थेट चिथावणी दिली, असे त्या कलमाखाली दिसायला हवे. तसे ते दिसत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे.

त्या कलमापुरता हा तर्क समजण्यासारखा आहे. कोणाला खून्यासारखे उभे करायचे तर पुरावाही तसाच हवा. खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्या कलमाच्या अलीकडे आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. लैंगिक छळासाठी २०१३चा कायदा आहे, समिती आहे, तक्रारीची मुदत ठरलेली आहे. पण टार्गेट, बदली आणि अपमान यांतून माणसाला पद्धतशीर खचवले, तर तो जिवंत असेपर्यंत त्याने कोणाकडे जायचे? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तो तीव्र ताणाखाली होता असे मानायला लावले. हे मोठे पाऊल आहे. २०२२ पासून १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट आणि मराठीतही बोलता येते. कामाच्या जाचाने ज्याला आत्ता, या आठवड्यात असह्य होते आहे, त्याने आखणी बदलायची वाट पाहू नये. हा क्रमांक फिरवावा, घरच्या एका माणसाला सांगावे.

टेलिफोन खात्याचीच गोष्ट निघाली आहे तर बीएसएनएल आणि एमटीएनएलचाही विचार मनात येतो. २०१९च्या अखेरीला तिथे व्हीआरएस आली. ५० वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी ती होती आणि झालेल्या व उरलेल्या सेवेच्या वर्षांवर रक्कम ठरलेली होती. बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधून सुमारे १४ हजार लोकांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते एकाच दिवशी बाहेर पडले. ते दिवस सुखाचे नव्हते. त्याआधी पगार थकले होते, मुंबईतल्या कितीतरी घरांत हप्त्यांची ओढाताण झाली होती, आणि जे मागे राहिले त्यांच्यावर निम्म्या माणसांत तेवढेच जाळे सांभाळायची वेळ आली. पण काय मागितले जाते आहे, त्याबदल्यात काय मिळणार, हे कागदावर होते. घरी बसून हिशेब करता येत होता, 'नाही' म्हणता येत होते. फ्रान्स टेलिकॉमच्या तंत्रज्ञाकडून त्याचे जाणे उघडपणे कधी मागितलेच गेले नाही. रोज सकाळी त्याचे राहणे थोडे थोडे अशक्य केले गेले.

मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांतून हल्ली एचआरचे लोक विचारतात की आमच्याकडे समुपदेशक आहे, ॲप आहे, तरी राजीनामे आणि आजारपणाच्या रजा का वाढतात. मी त्यांना तीन कागद काढायला सांगतो. गेल्या दोन वर्षांतल्या बदल्यांची आणि पुनर्रचनांची यादी, मॅनेजरचे इन्सेन्टिव्ह कशावर ठरते तो तक्ता, आणि कोणत्या टीममध्ये रजा वाढल्या त्याची नोंद. तिन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. पहिले दोन कागद बहुतेक ठिकाणी मानसिक आरोग्याच्या बैठकीत यापूर्वी कधीच आलेले नसतात.